आजी ‘नाही’ कसं म्हणते

प्रिय सई,

विमानतळावर जाताना टॅक्सीत तू जे विचारलंस, त्याचं उत्तर मी तेव्हा टाळलं. माहीमच्या सिग्नलला आपण अडकलो होतो, पाऊस होता, आणि तू म्हणालीस, “बाबा, आजीला निनावाचा गोड थाळा करायचा नसेल, तर ती मराठीत ‘नाही’ कसं म्हणते? मला तीन आठवड्यांत एकदाही ऐकू आलं नाही.” आई हसली. मी काचेवरचं पाणी बघत बसलो. लीड्सला येऊन आठवडा झाला, तरी ते डोक्यातून जात नाही. तोंडी सांगायला गेलो तर भाषण होईल आणि तू हेडफोन घालशील, म्हणून लिहितोय. शब्द अडला तर आईला विचार.

तू मोजलंस ते बरोबर आहे. निनाव पाच वेळा झालं. पहिलं आपण आलो म्हणून. दुसरं मुलुंडला ताईआत्याकडे पाठवायला. तिसरं बापूकाकांच्या सुनेच्या माहेरची माणसं येणार होती म्हणून, ज्यांना आजी आयुष्यात एकदा भेटली असेल. चौथं पिठोरी अमावास्येचं, ते तर व्हायचंच होतं. पाचवं आपल्या बॅगेतलं, आणि ते मी मागितलं. त्या रात्री तू आजीच्या खांद्याला बाम चोळून दिलास, हे मला आईकडून कळलं. मी तेव्हा वजनकाट्यावर बॅग ठेवत होतो.

निनाव नुसतं खाताना एवढंसं वाटतं. पण तू या वेळी ओट्याजवळ उभी होतीस, पाहिलंस. दोन वाट्या डाळीचं पीठ, एक वाटी कणीक, दोन्ही तुपावर वेगवेगळी भाजायची, कारण डाळीच्या पिठाला वेळ जास्त लागतो. नारळाचं दूध काढायचं, त्यात गूळ विरघळवायचा, पिठं घालायची, आणि मग ढवळत राहायचं. जायफळ, वेलची. मिश्रण पातेल्याची कड सोडायला लागलं की हात भरून येतो आणि नेमकं तेव्हाच थांबता येत नाही, तळाला लागतं. मग थाळ्यात ओतून, वर काजू लावून भाजायचं. माझी आजी पेणला ते कोळशावर करायची, खाली निखारे आणि वरच्या झाकणावरही निखारे. एवढं करून नाव काय, तर निनाव. आम्हा सीकेपी लोकांना मटणाच्या रश्श्यांची नावं ठेवायला वेळ होता, हे बिचारं तसंच राहिलं.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. पण आधी दादरची जुनी जागा.

गोखले रोडच्या मागच्या गल्लीत आमच्या दोन खोल्या होत्या. तिथे आता टॉवर आहे, तू पाहिलास. आजी मंत्रालयात नोकरीला होती (आजोबा शेवटपर्यंत त्याला सचिवालयच म्हणायचे, नाव 1975 मध्ये बदललं तरी). चर्चगेटहून गाडी पकडून सात वाजता घरी. पदर खोचायची आणि विळी घ्यायची. तिचं नारळ खवणं मला आवाजावरून कळायचं. आधी भराभर, मग कवड तळाशी आली की हळू, खर्र खर्र, कारण करवंटीचा काळा अंश आला तर दूध मळकं दिसतं. एका थाळ्याला दोन नारळ. पंच्यात घालून पिळायची, पुन्हा कोमट पाणी घालून पिळायची. मी समोर बसून गृहपाठ करायचो आणि खवलेल्या ढिगातून चिमूट चिमूट पळवायचो. हे माझ्या लहानपणातलं सगळ्यांत सुखाचं चित्र आहे, सई. त्या चित्रात ती ऑफिसातून आलेली आहे आणि अजून चहाही प्यायलेली नाही, हे मला तुझ्या प्रश्नानंतर दिसलं.

मागणारे खूप. पण ‘करून द्या’ असं कोणी म्हणायचं नाही. बापूकाका टोपी काढता काढता म्हणायचे, “वहिनी, काल एकाकडे निनाव खाल्लं. छे, तुमच्या हातची सर नाही.” ताईआत्या म्हणायची, “आमच्याकडे जमतच नाही गं तसं, माझी कणीक जास्त होते.” आजोबांची तऱ्हा तर अजून वेगळी. ते कोणाकडे बघून बोलायचेच नाहीत. पेपरातून, “बरेच दिवस झाले, नाही?” काय झाले बरेच दिवस, ते घरात सगळ्यांना कळायचं.

मला वाटतं गोम इथेच आहे. मागणं जर कोणी मागितल्यासारखं मागतच नसेल, तर नकार द्यायचा कोणाला? स्तुतीला ‘नाही’ म्हणता येत नाही.

म्हणून तीही आडूनच बोलायची. ‘बघू हं’ म्हणजे नाही. ‘नारळ कसले महाग झालेत’ म्हणजे या महिन्यात नाही. ‘करू की, पिठोरीला’ हे जानेवारीत म्हटलं तर त्याचा अर्थ तूच लाव. मोठ्यांना हे सगळं कळायचं, कारण तेही याच भाषेत वाढलेले. पण न कळल्यासारखं करण्याचीही आपल्याकडे पद्धत आहे. नारळ महाग आहेत म्हटल्यावर बापूकाका दुसऱ्या दिवशी दादरच्या बाजारातून चार नारळ घेऊन हजर. केवढा प्रेमळ माणूस! आता चार नारळ म्हणजे दोन थाळे.

आणि एक तिचा नकार असा होता की तो मीच मोडला. हे मी तुझ्या आईलाही कधी सांगितलं नव्हतं, कारण मलाच तो नकार होता हे कळलं नव्हतं.

आधी आमच्याकडे भट्टी नव्हती, थाळा कोपऱ्यावरच्या बेकरीत न्यावा लागायचा. मग सणासाठी मिळालेल्या उचलीतून आजीने तो गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन घेतला, झाकणात काच असलेला. स्वतःचे कष्ट वाचावेत म्हणून घेतला, आणि झालं उलटंच. ‘आता काय बाई, ओव्हन आहे!’ म्हणून मागणी वाढली. 1987 साल होतं. रविवारी सकाळी पौराणिक मालिका लागायची, आमच्याकडे टीव्ही होता, त्यामुळे अर्धं कुटुंब आमच्याच खोलीत. मालिका संपली की भूक, आणि भुकेबरोबर स्तुती.

मग एक दिवस ओव्हन बिघडला. आजी सांगायची, “चालत नाही हो, दुरुस्तीला टाकायचाय.” टाकायचाय, टाकायचाय करत चार-पाच महिने गेले. मी बारा वर्षांचा होतो आणि नुकताच बॅटरी, बल्ब आणि वायरी जोडायला शिकलो होतो. एका रविवारी सगळे जमलेले असताना मी स्क्रू ड्रायव्हर शोधायला लागलो. तो नेहमीच्या हत्यारांच्या डब्यात नव्हता, आजीच्या शिवणाच्या मशीनच्या खणात सापडला. प्लग उघडला. आतली एक वायर सुटलेली होती. जळलेली नव्हती, तुटलेली नव्हती. तांब्याच्या तारा नीट पिळून दुमडलेल्या आणि त्यांवर जखमेला लावतात ती चिकटपट्टी.

तुटलेली वायर स्वतःला चिकटपट्टी लावून घेत नाही. हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. मी पट्टी काढली, वायर आवळली, प्लग खोचला आणि सगळ्यांसमोर ओरडलो, “चालू झाला!” बापूकाकांनी दोन रुपये दिले. मोठा इंजिनियर होणार, असंही कोणीतरी म्हणालं. आजीने माझ्याकडे पाहिलं. “हुशार आहे हो,” एवढंच म्हणाली, आणि विळी काढायला उठली.

हे वाचून तुझ्या मनात आजीचं एखादं गरीब बिचारं चित्र तयार होईल, ते नको. मी बाजू घेतोय असं वाटलं तर वाटू दे. निनाव कोणी मागितलं नाही तर तिला चालत नाही, हेही खरं आहे. बापूकाकांच्या सुनेने एका वर्षी स्वतः करून पाठवलं, तर आजीने तुकडा तोंडात घालून बराच विचार केला आणि म्हणाली, “छान झालंय. जायफळ विसरलीस का?” त्यानंतर तिने कधी पाठवलं नाही. दुसऱ्याच आठवड्यात आजीने कोणी न मागता थाळा केला. आणि डबे पोचवायला मी जायचो तेव्हा प्रत्येक घरी दार उघडल्यावर जे चेहरे व्हायचे, ते तिला मी घरी येऊन सांगावे लागायचे, तपशिलासकट. डबा रिकामा परत द्यायचा नाही म्हणून त्यात काहीतरी घालून मिळायचं. बहुतेक वेळा चमचाभर साखर. लोकलच्या गर्दीत ती सांडू नये म्हणून मी डबा छातीशी धरून यायचो. इतक्या वर्षांच्या निनावाच्या बदल्यात तिला किती साखर मिळाली असेल, याचा हिशेब मी काल रात्री मांडायला लागलो आणि सोडून दिला.

फक्त पिठोरीला मागणं उघड असतं, ते मला आवडतं. या वर्षी तूही बसलीस. आजी आपल्याकडे पाठ करून, थाळा खांद्यावरून मागे धरून विचारते, “अतित कोण?” म्हणजे अतिथी कोण, आणि आपण आपलं नाव सांगून घ्यायचं. तुला ते गमतीदार वाटलं, तू “मी, सई, फ्रॉम लीड्स” म्हणालीस आणि आजीचा खांदा हसून हलला, थाळा पडता पडता वाचला. त्यामागची कहाणी मला धड येत नाही, विचारू नकोस. पण वर्षातला तो एक दिवस असा की ती विचारते आणि आपण सरळ ‘मी’ म्हणतो.

तुला हे शिकायलाच हवं, असं मी म्हणत नाहीये. ना निनाव, ना आडून बोलणं. तू ‘नो थँक्स’ म्हणतेस तेव्हा माझ्या पोटात अजूनही जरासं काहीतरी होतं, आणि मग वाटतं, बरंय.

रविवारी आजीला फोन केला. इकडचं तिकडचं झाल्यावर विचारलं, “आई, त्या गोल ओव्हनच्या प्लगमधली वायर तू काढली होतीस?”

“कुठला ओव्हन?”

मग कुकरची शिट्टी झाली. तिने गॅस बारीक केला असावा, मग म्हणाली, “चिकटपट्टी लावली होती मी. शॉक बसला असता ना कुणाला.”

मी म्हटलं, पुढच्या पिठोरीला मी ढवळतो. तू खुर्ची घेऊन बस आणि नुसतं सांग.

“बघू हं,” आजी म्हणाली.

तुझा,
बाबा

ता. क. बॅगेतल्या निनावाचे चार तुकडे फ्रीजमध्ये, खालच्या कप्प्यात, निळ्या डब्यात आहेत. हवं असेल तर घे. नको असेल तर नको म्हण.