रात्री ३ ची पोझिशन

*ताई, मी सातारा जिल्ह्यातली, वय २३. बारावीनंतर सहा महिन्यांचा जीडीएचा (नर्सच्या हाताखाली रुग्णाची देखभाल करणाऱ्या मदतनिसाचा) कोर्स केला. सात महिन्यांपासून पुण्याजवळ एका ठिकाणी माजी सैनिकांच्या देखभालीला आहे. बहुतेक जण व्हीलचेअरवरचे. स्पंजिंग, युरोबॅग (लघवीची पिशवी) रिकामी करणं, भरवणं, रात्री दर दोन तासांनी कूस बदलून देणं (त्यालाच आम्ही पोझिशन देणं म्हणतो), हे माझं काम. पंधरा दिवसांपूर्वी नाइटला ३ वाजता एका हवालदारसाहेबांना पोझिशन द्यायला गेले आणि खांद्यावर हात ठेवला. त्यांनी झोपेतच माझं मनगट धरून पिरगाळलं, ओरडायला लागले. शेजारच्या बेडवरच्या साहेबांनी नावाने हाक मारली तेव्हा हात सुटला. मग ते खूप रडले. इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, 'फौजी माणसं आहेत, समजून घ्यायचं, कुठे बोलू नकोस.' घरी मी बाथरूममध्ये घसरले म्हणून सांगितलं. माझे आजोबा मिल्ट्रीत होते, वडील सगळ्यांना सांगतात की पोरगी जवानांची सेवा करते. तक्रार केली तर मी कृतघ्न ठरेन का? की कामच सोडू? आता मी गेले की ते भिंतीकडे तोंड करतात. मनगट अजून थोडं दुखतं.*

*— एक वाचक*

आधी एक विचारते. उत्तर मला देऊ नकोस, स्वतःलाच दे. तो हात झोपेतला होता की जागेपणीचा?

तुझ्या पत्रावरून झोपेतलाच वाटतो आणि पुढचं सगळं मी तसं धरूनच लिहिते आहे. पण कधी कुणाचा जागेपणीचा हात नको तिथे आला, तर तिथे फौजी, वय, पदक काही बघायचं नाही. त्यासाठी कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती असावीच लागते, कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची. एवढं लक्षात असू दे.

आता झोपेतला हात. माझे मामा तोफखान्यात होते, १९७१ ची लढाई पाहून आलेले. पेन्शन घेऊन गावी आले तेव्हा मी शाळेत होते. पहाटेचा चहा घेऊन जाताना मामी खोलीच्या दाराशी थांबायची आणि हातातल्या बांगड्या दोन-तीनदा वाजवायची. आतून 'हं' आलं की मगच पाऊल टाकायची. आम्हा पोरांना वाटायचं, मामी लाजते. खूप वर्षांनी तिने सांगितलं की पहिल्या महिन्यात तिने खांद्याला हात लावून उठवलं होतं आणि कपबशी भिंतीवर फुटली होती. मामा मोठ्याने बोलायचे, म्हणून गावात तापट म्हणून प्रसिद्ध. खरं तर तोफांनी त्यांचे कान गेले होते. पण झोपेतून असं दचकून उठण्यासारख्या, मोठ्या धक्क्यानंतर मनात उरणाऱ्या त्रासाला डॉक्टरांनी १९८० साली पीटीएसडी हे नाव दिलं. आमच्या गावात त्याचं नाव 'मिल्ट्रीतून आल्यापासून असाच आहे' एवढंच होतं.

तू काय चुकलीस असं अजिबात नाही. तुला कुणी शिकवलंच नाही, ही चूक शिकवणाऱ्यांची. तुझ्या हवालदारसाहेबांचं शरीर तूच रोज हाताळतेस, तेव्हा हे तुझ्या लक्षात येईल: मणक्याच्या इजेमुळे कमरेखाली हात लावलेला त्यांना कळतच नाही. जो हात कळतो तो थेट खांद्याला लागलेला, अंधारात, झोपेत. आणि वर्षानुवर्षं खुर्ची ढकलून, हातांवर अंग उचलून त्यांचे हात तुझ्या-माझ्यापेक्षा कितीतरी मजबूत झालेले असतात.

म्हणून अंगाला हात न लावता उठवायचं. आधी दिवा. मग बेडच्या पायाकडे, हाताच्या टप्प्याबाहेर उभं राहायचं आणि हाक मारायची. 'बाबा', 'आजोबा' नको. 'हवालदारसाहेब, कूस बदलायची वेळ झाली.' ओळखीची हाक झोपेतही पोचते. त्या रात्री हात सुटला तोही नावाने हाक मारल्यावरच ना? उत्तर आल्याशिवाय जवळ जायचं नाही. आणि रात्री या बेडला पोझिशन द्यायला दोघींनी जायचं, हे तू मागून घे. ड्युटीवर बांगड्या घालता येत नाहीत, ठाऊक आहे. पायाकडच्या लोखंडी दांड्यावर पेनने टकटक केलंस तरी चालेल.

आणखी एक बघत जा. सगळंच लढाईतून येत नाही. मणक्याची इजा छातीच्या वरच्या भागात असेल, तर लघवीची नळी दुमडली, बॅग तुंबली किंवा पोट साफ झालं नाही एवढ्यानेही बीपी एकदम चढतं. डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, घाम फुटतो, माणूस बेचैन होतो आणि का ते त्याला सांगता येत नाही. अशा वेळी बसतं करायचं, नळी मोकळी आहे का बघायची आणि लगेच सिस्टरला बोलवायचं, हे थांबण्यातलं दुखणं नाही. वयस्कर माणसाला लघवीचं इन्फेक्शन झालं तरी तो रात्री बरळतो. म्हणजे त्या रात्रीचं कारण काय होतं हे डॉक्टरांनी बघायला हवं होतं. त्यांना कळलंच नाही तर ते बघणार काय?

इथे मला तुझ्या सिस्टरांचा राग येतो. समजून घ्यायचं, कबूल. पण 'कुठे बोलू नकोस' म्हणजे हवालदारसाहेबांची झोप, औषध, त्यांच्या मनात काय चाललंय, यातलं काहीच कुणी बघायचं नाही. तू गप्प बसलीस तर पुढच्या महिन्यात नव्या पोरीचं मनगट जाईल आणि तेव्हा 'हा माणूस मारकुटा आहे' असं म्हणून त्यांना बांधून ठेवतील किंवा गुंगीचं औषध देतील. आपल्याला मुरलीकांत पेटकरांचं १९७२ च्या पॅरालिम्पिकमधलं सुवर्णपदक आवडतं, आणि आवडावंच: १९६५ च्या युद्धात जखमी झालेला जवान हायडेलबर्गला पोहून पहिला येतो. पण रात्री ३ वाजता घामाने भिजून उठणारा जवान कुणाला बघायचा नसतो. तो तूच बघतेस. तू सांगितलं नाहीस तर कोण सांगणार?

म्हणून आज कागदावर उतरव. तारीख, वेळ, काय करायला गेलीस, काय झालं, कुणी पाहिलं, मनगटाला काय झालं. 'मारलं' लिहू नको, 'झोपेत हात पकडला, पिरगाळला, जागे झाल्यावर रडले' असं जसं घडलं तसं लिही. उशिरा का देते आहेस तेही लिही. एक प्रत सिस्टरना, एक वरच्यांना, सही घेतलेली एक तुझ्याकडे. शेवटी लिही की त्यांना मनोविकारतज्ज्ञांना दाखवावं आणि रात्री दोघींची ड्युटी लावावी. ही कृतघ्नता असेल तर चांगल्या नर्सचा निम्मा दिवस कृतघ्नपणातच जातो.

भिंतीकडे तोंड करतात त्याचं काय? त्यांना लाज वाटते. त्यांची जी काही उरलीसुरली इज्जत आहे ती तुझ्यासारख्या पोरीसमोर गेली, असं त्यांना वाटत असणार. त्यांनी माफी मागण्याची वाट पाहू नकोस, त्या रात्री ते रडले तेव्हाच ती मागून झाली आहे. दिवसा ते खुर्चीवर असताना स्टूल ओढून समोर बस, उभ्याने बोलू नको, आणि विचार: 'साहेब, रात्री तुम्हाला कसं उठवलेलं चालेल?' बास. आयुष्यभर हुकूम ऐकले आणि दिले, त्या माणसाला पुन्हा काहीतरी ठरवायला मिळेल. कुठे लागलं, काय झालं होतं, हे मात्र खोदून विचारू नको. त्यांनी आपणहून सांगितलं तर ऐक, आणि ऐकून रात्री झोप लागेनाशी झाली तर तेही मनात ठेवायचं नाही.

काम सोडायचं का? भीतीने सोडू नको, पण लेखी देऊनही एकटीलाच नाइटला पाठवत राहिले तर खुशाल सोड. कोर्स तुझा आहे, कुठेही काम मिळेल. आणि हे काम आवडत असेल तर जीडीएवर थांबू नको. बारावी झाली आहेस, नर्सिंगचे पुढचे कोर्स आहेत: एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं. वडिलांना खरं सांगायला तेच निमित्त चांगलं आहे. ते आजोबांना ओळखतात, तुला वाटतं त्याहून लवकर समजतील.

आणि मनगट. अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंस, पण माझा जीव तिथेच अडकला आहे. अंगठा ताणल्यावर त्याच्या मुळाशी जो खळगा पडतो तिथे दाबून बघ. दुखलं तर उद्याच एक्स-रे काढ. तिथल्या बारीक हाडाची चीर पहिल्या एक्स-रेत कधी कधी दिसत नाही, दहा-बारा दिवसांनी दिसते, म्हणून तुला आता काढूनही उपयोग आहे. पगारातून ईएसआय (कामगार विमा) कापत असतील तर ते कार्ड घेऊन जा, आणि डॉक्टरांना बाथरूमची गोष्ट सांगू नको. ड्युटीवर लागलं, असंच सांग.