बहिणीच्या मुलाला ड्युशेन निघालंय, मावशी म्हणून मी काय करू?

तुम्ही लिहिलंय की ७ वर्षांच्या भाच्याला ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायू हळूहळू कमजोर करत जाणारा आनुवंशिक आजार असल्याचं गेल्या महिन्यात कळलं, तेव्हापासून बहीण कुणाशी धड बोलत नाही, तुम्ही सोलापुरातच दोन गल्ल्या सोडून राहता आणि काय करावं ते सुचत नाही. माझा मुलगा १४ वर्षांचा आहे, त्यालाही हाच आजार. आम्हीही सोलापूरचेच.

"काही लागलं तर सांग" असं म्हणू नका. ती सांगणार नाही, मीही कधी सांगितलं नाही. एक ठरावीक काम स्वतःकडे घ्या आणि ते सोडू नका. माझ्या धाकट्या बहिणीने शनिवारची रात्र घेतली. माझ्या लेकराला आता स्वतःहून कुशीवर वळता येत नाही. रात्रीतून चार-पाच वेळा "आई, कूस" अशी हाक येते. उठायचं, कमरेखाली हात घालून वळवायचं, दोन गुडघ्यांमध्ये उशी सरकवायची. आमच्याकडे चादरींना काय तोटा, पण सोलापुरी चादर जड, त्याला ती अंगावरून सारता येत नव्हती. घामाने भिजायचा आणि मला उठवायला नको म्हणून गप्प पडून राहायचा. हे मला नाही, माझ्या बहिणीला कळलं. तिने जुन्या सुती साडीची हलकी दोनपदरी गोधडी शिवून आणली. आज तीन वर्षं झाली, शनिवारी मी दुसऱ्या खोलीत झोपते.

तुमचा भाचा अजून चालतोय, तेव्हा संध्याकाळचे पायाचे व्यायाम तुम्ही घ्या. टाचेची शीर आखडत जाते, म्हणून रोज हळूहळू ताण द्यायचा असतो. फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्या. उठवताना हाताला किंवा काखेत धरून ओढू नका, खांदे सैल असतात. जमिनीवरून उठताना तो गुडघ्यावर, मग मांडीवर हात टेकत उठत असेल. आमच्या शाळेतल्या एका बाईंनी याच उठण्याला आळस म्हटलं होतं, ते अजून मनातून जात नाही.

दोष देणाऱ्यांना मात्र तुम्हीच अडवा. माझं लग्न आत्याच्या मुलाशी झालंय, त्यामुळे "नात्यात सोयरीक केली, भोगा आता" हे मी पोटभर ऐकलं. बऱ्याच आनुवंशिक आजारांत नात्यातल्या लग्नाने धोका वाढतो हे खरं, पण ड्युशेनमध्ये नाही. डिस्ट्रॉफिन नावाचं प्रथिन बनवणारं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि मुलाला एक्स मिळतो तो आईकडून, म्हणून नवरा नात्यातला असला-नसला तरी फरक पडत नाही. त्यातही साधारण एक तृतीयांश मुलांमध्ये जनुकातला हा दोष नव्यानेच झालेला असतो, आईतही नसतो. बहीण वाहक निघाली, म्हणजे सदोष जनुक तिच्यात असलंच, तरी तो तिचा गुन्हा नव्हे.

आणि तुम्ही सख्ख्या मावशी आहात. बहीण वाहक असेल तर तुम्हीही असू शकता. वाहक बाईच्या प्रत्येक मुलाला आजाराची आणि प्रत्येक मुलीला वाहक होण्याची निम्मी शक्यता असते. भाच्याच्या जनुकीय अहवालाची प्रत जपून ठेवा, तोच दोष तुमच्या रक्तात शोधता येतो. वाहक बायकांनी हृदयाची तपासणीही करून घ्यायची असते.

औषधाचं सांगते. बहुतेक मुलांना स्टेरॉइड देतात, त्याने चालणं काही काळ लांबतं. भूक वाढते, चेहरा सुजल्यासारखा होतो. आमच्याकडे एका नातेवाइकाने जडीबुटीचा आग्रह धरून गोळी थांबवायला सांगितलं होतं. ही गोळी एकदम थांबवणं जिवावर बेतू शकतं. उलट्यांमुळे पोटात टिकत नसेल तरी लगेच डॉक्टर गाठा. कुठलंही ऑपरेशन, अगदी दाताचं असलं तरी, भूल देणाऱ्यांना आजाराचं नाव आधी सांगा. भुलेची काही औषधं या मुलांना चालत नाहीत.

कागदपत्रांची धावपळ भावजींवर टाकू नका, त्यांचा रोज बुडतो. २०१६च्या अपंग हक्क कायद्यात मस्क्युलर डिस्ट्रॉफीचं नाव आहे, तेव्हा यूडीआयडी कार्डाचा (अपंगांच्या सरकारी ओळखपत्राचा) अर्ज तुम्हीच भरा. २०२१च्या दुर्मीळ आजार धोरणाखाली ठरलेल्या केंद्रांमधून उपचारासाठी ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे. मुंबईचं केईएम रुग्णालय त्यातलंच एक. ते पैसे घरच्यांच्या हातात येत नाहीत, केंद्रामार्फत खर्च होतात, आणि प्रत्येकाला मिळतीलच असं नाही. तरी नाव नोंदवा. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने जाल तर खालचा बर्थ बघा.

शाळेत वर्ग तळमजल्यावर घ्या म्हणून आजच अर्ज द्या, जिना जड व्हायच्या आत.

मुलाला आजारी समजून बसवून ठेवू नका. माझा मुलगा बुद्धिबळात मला हरवतो. हात तोंडापर्यंत जात नाही, म्हणून ताट पाटावर उंच ठेवतो. कोपर टेकवून तो स्वतः भाकरी आणि शेंगाचटणी खातो, भरवलेलं त्याला चालत नाही. गड्ड्याच्या यात्रेत संध्याकाळी व्हीलचेअर शिरत नाही, म्हणून मामा त्याला दुपारीच घेऊन जातो, पाळण्यांपाशी दोघं तासभर थांबतात. तुमच्या भाच्याला काय आवडतं ते तुम्ही लिहिलं नाहीत. ते लिहा, मग पुढचं सांगते.