सरपण जड आहे, मग ते धुमसते का?

प्रश्न : आमच्याकडे स्वयंपाक गॅसवर होत असला, तरी अंघोळीचे पाणी न्हाणीतल्या चुलीवरच तापते. यंदा वैशाखात वखारीतून ऐनाचे सरपण वजनावर घेतले. लाकूड चांगले जडशीळ आहे, पण ते नुसते धुमसते, हंडा काजळीने माखतो आणि पाणी तापायला दुप्पट वेळ लागतो. वखारवाल्याने फसवले, की ऐनच जळायला वाईट? पुढच्या वर्षी कोणते लाकूड घ्यावे?
– एक वाचक, संगमेश्वर

उत्तर : वखारवाल्याने ऐन म्हणून ऐनच दिले असावे, आणि ऐनाचाही यात दोष नाही. कोकणातील ऐन, किंजळ व खैर काय, किंवा देशावरील बाभूळ व धावडा काय, ही सारी घट्ट लाकडे असून त्यांचा निखारा बराच वेळ टिकतो. मात्र आपल्याला जो जडपणा गुण वाटला, त्यातला बराचसा बहुधा पाण्याचा आहे. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मे पाणी असू शकते. शंभर किलो सरपणात ४० किलो पाणी असेल आणि वाळल्यावर पाण्याचा वाटा २० टक्क्यांवर आला, तर हाती ७५ किलोच उरतात; म्हणजे २५ किलो पाणी आपण लाकडाच्या भावाने विकत घेतलेले असते. शिवाय त्या पाण्याची वाफ करण्यात जाळाची उष्णता खर्ची पडते, चूल पुरेशी तापत नाही आणि अर्धवट जळालेला धूर हंड्याच्या बुडाला चिकट काजळी धरतो.

खात्री करायची असल्यास एक ढलपी चुलीत घालून तिच्या बाहेर राहिलेल्या टोकाकडे पाहावे. तेथे चुरचुरत फेस आला, तर लाकूड ओले आहे. खरेदीच्या वेळी दोन तुकडे एकमेकांवर आपटावेत : वाळलेले खणखणीत वाजते, ओले बद्द वाजते. टोकांना गाभ्याकडून सालीकडे गेलेल्या भेगा असाव्यात, पण टोक वाळूनही गाभा ओला राहतो, म्हणून एखादा ओंडका तेथेच फोडून घेण्यात संकोच करू नये.

पुढच्या वर्षी खरेदी वैशाखापर्यंत न लांबवता दिवाळीनंतर लगेच करावी. लाकूड मनगटाएवढे फोडून, जमिनीवर टाकलेल्या दोन वाशांवर, मधून वारा खेळेल असे रचावे. वरून आडोसा हवा, परंतु ताडपत्रीत गुंडाळल्यास ओल आतच कोंडते. आगोटीपूर्वी तो साठा पडवीत घ्यावा.

पांगारा आणि सावर भुर्रकन जळून जातात. ती पेटवणापुरती ठीक, आणि त्यासाठी घरच्या नारळांची सोडणे (वरची काथ्याची सालटे) व करवंट्या अधिक चांगल्या. बिब्बा व कण्हेर यांचा धूर अपायकारक असल्याने ती चुलीत घालू नयेत, तसेच प्लायवूड आणि रंगवलेल्या चौकटीही. बांबू जाळल्याने वंश बुडतो असे जुनी माणसे सांगत; बंद पेरातली हवा तापून ते फटाक्यासारखे फुटते, एवढे कारण मला पुरते. आपल्या आवारातील झाड तोडण्याचा विचार असेल, तर १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्यानुसार ऐन, खैर, आंबा, फणस अशा झाडांना मालकालाही परवानगी लागते, हे ध्यानात ठेवावे.

सध्याचा साठा वाया गेलेला नाही. तो आणखी बारीक फोडावा आणि उद्याचे सरपण आजच चुलीच्या उबेला, पण ठिणगी पोहोचणार नाही इतक्या अंतरावर, उभे करून ठेवावे.