वाचकांचे प्रश्न : ट्रेनिंग रूममध्ये दुपारी डोळे का मिटतात?

प्रश्न : आमच्या कंपनीत २० बाय ३० फुटांची खोली ट्रेनिंगसाठी मिळाली आहे. मॅनेजमेंटचं म्हणणं, ४० माणसं बसवा. ६५ इंची टीव्ही आधीच घेतलेला आहे. ४० बसतील का?
— एचआर विभाग, सातपूर

उत्तर : नुसत्या खुर्च्या मांडल्या तर बसतील. समोर टेबल हवं असेल, वहीत किंवा लॅपटॉपवर काही करायचं असेल, तर २४च धरा.

हिशोब असा. टीव्ही २० फुटी भिंतीवर लावा. त्याच्यापुढे ८ फूट शिकवणाऱ्यासाठी मोकळे आणि सर्वांत मागे ३ फूट जाण्यायेण्याला. उरले १९ फूट. एका रांगेला दीड फूट रुंदीचं टेबल आणि खुर्ची मागे सरकवायला ३ फूट, म्हणजे साडेचार फूट लागतात. चार रांगा झाल्या. माणशी अडीच फूट टेबल, मधे ४ फुटांची वाट, दोन्ही बाजूंना तिघे-तिघे. एका रांगेत सहा, चार रांगांत २४. खुर्चीमागच्या ३ फुटांतून कापाकापी करू नका. तिथे दोन फूट ठेवले की शिकवणारा मागच्या माणसाच्या वहीपर्यंत पोचूच शकत नाही, आणि मग तो तासभर टीव्हीशेजारी उभा राहतो.

खरी अडचण टीव्हीची आहे. आकडे, तक्ते वाचायचे असतील तर शेवटचा माणूस पडद्याच्या उंचीच्या सहापटींपेक्षा लांब नसावा. ६५ इंची टीव्हीची उंची ८१ सेंटीमीटर, म्हणजे मर्यादा १६ फूट. तुमच्या रांगांमधली डोळ्यांची अंतरं अंदाजे साडेदहा, १५, साडेएकोणीस आणि २४ फूट येतात. मागच्या १२ जणांना एक्सेलची शीट दिसेल, वाचता येणार नाही. २४ फुटांसाठी १०० इंची प्रोजेक्शन किंवा ९८ इंची टीव्ही लागतो. तेवढं बजेट नसेल तर आहे तोच टीव्ही ठेवा, त्याच्या जोडीचा दुसरा टीव्ही खोलीच्या मध्यावर बाजूच्या भिंतीवर तिरका लावा आणि दोन्हींवर एकच चित्र दाखवा. पडद्याची खालची कड जमिनीपासून किमान ४ फुटांवर हवी, नाहीतर पुढच्यांची डोकी मध्ये येतात.

चर्चा, गटकाम जास्त असेल तर टेबलं यू आकारात लावा. त्यात १६ जण बसतात. चाकांची, दुमडणारी टेबलं घेतलीत तर एकाच खोलीत दोन्ही मांडण्या होतात. मात्र चाकांना ब्रेक हवेतच.

प्रश्न : दुपारच्या सत्रात निम्मे लोक पेंगतात. खोली ६०० चौरस फूट, छत १० फूट, माणसं २५. दोन-दोन टनांचे दोन स्प्लिट एसी आहेत, गारवा उत्तम आहे. ट्रेनर बदलून पाहिला, फरक नाही.
— उत्पादन विभाग, वाळूज

उत्तर : ट्रेनरचा दोष नाही. दुपारी दोन ते चार शरीर थोडं सुस्तावतंच, पण तुमच्याकडे त्याहून मोठं कारण हवा हे असणार. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. खोलीतलीच हवा गार करून पुन्हा खोलीत सोडतो. गारव्यामुळे खोली ताजी वाटते, एवढंच.

बसलेला माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. २५ जणांचे ४५० लिटर. खोलीत हवा आहे सुमारे १ लाख ७० हजार लिटर. बाहेरच्या हवेत हे प्रमाण दशलक्षात ४२०च्या आसपास असतं. दारं-खिडक्या बंद असतील तर फटींतून जे काही येतं-जातं ते धरूनही तासाभरात ते २०००च्या पुढे जातं. डोकं जड होणं, जांभया, लक्ष न लागणं ही अशा कोंदट खोलीची नेहमीची तक्रार. १०००च्या आसपास राहायचं असेल तर माणशी ताशी ३० घनमीटर ताजी हवा हवी. तुम्हाला ७५०.

बहुतेक ठिकाणी इथेच चूक होते. एक्झॉस्ट फॅन बसवतात आणि हवा आत यायला जागाच ठेवत नाहीत. मग पंखा दाराच्या फटीतून कारखान्याच्या शॉपमधली हवा ओढतो, तेलाच्या वाफा आणि ग्राइंडिंगच्या धुळीसकट. कारखान्यात उलट करा. बाहेरची हवा पंख्याने आत ढकला आणि समोरच्या कोपऱ्यात दीड चौरस फुटांची जाळी बाहेर जायला ठेवा. हवा घ्यायची जागा डीजी सेट (डिझेल जनरेटर), पेंट शॉप आणि टॉयलेटपासून लांब, शक्यतो छताच्या बाजूने. तोंडाशी धुता येणारा फिल्टर लावा आणि तो महिन्यातून एकदा धुवायचं काम मेंटेनन्सच्या चेकलिस्टमध्ये लिहा. तुंबलेला फिल्टर म्हणजे बंद पंखा. पंख्याच्या खोक्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो. फिल्टर आणि जाळी लागली की तो निम्म्यापर्यंत उतरू शकतो, म्हणून १४००-१५०० घनमीटरचा घ्या.

बाहेरची गरम हवा आत आली की एसीवर भार वाढतो, हे खरं. पंचवीस माणसांची अंगची उष्णताच जवळपास एक टन एसी खाते, आणि मे महिन्यात एवढ्या ताज्या हवेला आणखी दीडेक टन लागतो. तुमच्या चार टनांत ते जेमतेम बसेल. तापमान २५-२६वर ठेवा आणि छताचे पंखे मंद चालू द्या.

खर्च करण्याआधी कार्बन डायऑक्साइडच्या मीटरने मोजून घ्या. एनडीआयआर (अवरक्त किरणांनी वायू मोजणाऱ्या) सेन्सरचाच मीटर मागा. स्वस्तातले काही मीटर दुसराच वायू मोजून अंदाजाचा आकडा दाखवतात. उघड्यावर तो ४२० ते ४५० दाखवतो ना, हे पाहा, मग खोलीत बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, कुणाच्याही तोंडापासून दोन मीटर लांब ठेवा. तोवर दर पाऊण तासाला दहा मिनिटं दार आणि समोरची खिडकी दोन्ही सताड उघडा. एकच उघडून फारसा उपयोग होत नाही.

प्रश्न : पतसंस्थेच्या नव्या सभागृहात कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण घेतो. व्हिट्रिफाइड टाइल्स, पीओपीचं सीलिंग, एका बाजूला काच. आवाज घुमतो. स्पीकर वाढवले तर आणखी कळेनासं झालं. थर्माकोल किंवा अंड्यांचे ट्रे लावावेत का?
— सांगली

उत्तर : दोन्ही लावू नका. थर्माकोल आवाज शोषत नाही, ट्रेही बोलण्याच्या आवाजाला फारसे उपयोगी नाहीत, आणि दोन्ही चटकन पेट घेतात. स्पीकर वाढवल्यावर बोलणं आणि त्याचा घुमारा दोन्ही सारखेच वाढतात, म्हणून शब्द काही सुटे होत नाहीत.

२० बाय ३० फुटांच्या अशा कठीण पृष्ठभागांच्या खोलीत आवाज विरायला दीड-पावणेदोन सेकंद लागतात. शिकवण्यासाठी ०.६ सेकंद चांगले. पीओपी काढून ०.७ एनआरसीच्या (एनआरसी म्हणजे आवाज किती शोषला जातो त्याचा आकडा) मिनरल फायबर टाइल्सचं सीलिंग केलंत, तर एवढ्या एका बदलाने माणसं भरलेली खोली ०.६च्या जवळ येते. दुकानात एनआरसीचा आकडा विचारा. दिसायला तशाच असलेल्या जिप्समच्या गुळगुळीत टाइल्स आवाज परत फेकतात.

सीलिंगला हात लावायचा नसेल तर ५० मिलिमीटर जाडीचे, ४८ किलो प्रति घनमीटर घनतेच्या ग्लासवूलचे कापड लावलेले पॅनेल घ्या, सुमारे १५० चौरस फूट. आग न पकडणारं कापड मागा. शिकवणाऱ्याच्या समोरची, म्हणजे मागची भिंत आधी भरा, बसलेल्यांच्या कानाच्या उंचीपासून वर. भिंत आणि पॅनेल यांच्यात ५० मिलिमीटर फट सोडलीत तर जाड, खालच्या सुरातला आवाजही शोषला जातो. काचेवर भरपूर चुण्यांचा जाड पडदा. एवढ्याने एक सेकंदाच्या आत याल.

बाहेरच्या जनरेटरचा आवाज मात्र या पॅनेलने थांबणार नाही. त्यासाठी भरीव दार आणि चारी बाजूंनी रबराची पट्टी.

प्रश्न : चाकणला असेंब्ली लाइनसाठी दोजो रूम (कामगारांच्या सरावाची खोली) उभारतोय. टॉर्कचं, म्हणजे बोल्ट ठरलेल्या जोराने आवळायच्या सरावाचं स्टेशन कसं असावं?
— क्वालिटी विभाग

उत्तर : लाइनवर जे हातात येणार तेच तिथे द्या : तोच रेंच, तेच हातमोजे, तीच टेबलाची उंची. हलक्या जोडणीचं काम कोपरापेक्षा १०-१५ सेंटीमीटर खाली असावं. उंची कमी असलेल्यांसाठी पायाखाली ५ आणि १० सेंटीमीटरच्या फळ्या ठेवा.

बोर्डावर एम६, एम८, एम१० (६, ८, १० मिलिमीटर व्यासाचे) बोल्ट लावा. ८.८ ग्रेडच्या एम८ला साधारण २५ न्यूटन-मीटर. ठरलेला जोर आला की रेंच ‘टक्’ करतो. नवखा माणूस ते ऐकून पुन्हा एकदा ओढतो, आणि बोल्ट ठरल्यापेक्षा जास्त आवळला जातो. ही सवय इथेच मोडायची. म्हणून नुसत्या क्लिकवर न थांबता प्रत्यक्ष आकडा दाखवणारा ट्रान्सड्यूसर लावा. तेच बोल्ट शेकडो वेळा आवळले की आटे घासतात आणि रेंचवर तोच आकडा दिसूनही पकड बदलते. बोल्टचा डबा शेजारी ठेवा, बदलायचा दिवस ठरवा. रेंच वापरून झाला की स्केलवरच्या सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवा, आणि ५००० वेळा किंवा १२ महिने, जे आधी होईल तेव्हा कॅलिब्रेशन (रेंचचा आकडा बरोबर येतो ना, याची तपासणी).

दोषांचे नमुने ठेवाल त्या टेबलावर १००० लक्स उजेड हवा. नमुने लाल रंगवून टेबलाला साखळीने बांधा. सुटा एनजी (‘नॉट गुड’, म्हणजे सदोष) पार्ट कधीतरी लाइनवर परत जातोच.

प्रश्न : व्हीलचेअर वापरणारी सहकारी पुढच्या महिन्यात रुजू होतेय. खोलीच्या दाराशी ६ इंचांची पायरी आहे.
— पिंपरी

उत्तर : ६ इंचांना ६ फूट लांबीचा रॅम्प, १:१२ उताराचा. दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर, वळायला दीड मीटरचा गोल, टेबलाखाली गुडघ्यांना ७० सेंटीमीटर उंची. दाराजवळ म्हणून त्यांची जागा मागच्या कोपऱ्यात ठरवून टाकू नका. पहिल्या आणि तिसऱ्या रांगेतली एकेक कडेची खुर्ची काढता येईल अशी ठेवा आणि कुठे बसायचं ते त्यांनाच ठरवू द्या. व्हाइटबोर्डची खालची कड ८० सेंटीमीटरवर आणलीत तर बोर्डावर लिहायलाही त्या येऊ शकतील.