बागेतून घरी, घरातून बागेत

प्रश्न : देवगडात आमची हापूसची बाग आहे. हिशेब मी लिनक्सच्या लॅपटॉपवर ठेवते. आधी वर्षाचा फोल्डर, त्यात बाग, त्यात पावत्या. पेट्यांचे फोटो मात्र भलतीकडेच आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, या दोन ठिकाणी दिवसातून वीसदा ये-जा होते आणि दर वेळी पूर्ण पत्ता टाइप करावा लागतो. काही सोपं आहे का? – एक बागायतदार

उत्तर : आहे, ताई. 'सीडी' (cd, फोल्डर बदलायची आज्ञा) लिहा, एक जागा सोडा, आडवी रेघ (-) द्या, एंटर. पावत्यांतून थेट फोटोंत जाल. तेच पुन्हा केलंत की परत पावत्यांत. शेल, म्हणजे टर्मिनलमध्ये तुमच्या आज्ञा पाळणारा प्रोग्रॅम, मागची जागा लक्षात ठेवतो, म्हणून हे जमतं. नुसतं 'सीडी' लिहून एंटर दाबलंत तर घरच्या फोल्डरात.

नाव पूर्ण लिहूच नका. पहिली दोन-तीन अक्षरं आणि टॅब. तुमचे फोल्डर 2023, 2024, 2025 असे असणार, त्यामुळे टॅब 202 वर अडेल. तिथे दोनदा दाबा, यादी दिसेल, मग शेवटचा आकडा तेवढा द्या.

आता माझी एक गोष्ट सांगते, कारण ती तुमच्याही वाट्याला येईल. माझं घर वेंगुर्ल्याला, खिडकीतून समुद्र दिसतो. खाऱ्या हवेनं एका पावसाळ्यात माझं टॅबचं बटण धरलं. दुरुस्ती कुडाळला, तीही आठवड्यानंतर. तेव्हा शिकले, की कंट्रोल दाबून आय दाबलं तरी टर्मिनलला तो टॅबच वाटतो. आस्की तक्त्यात, म्हणजे संगणक अक्षरांना जे क्रमांक देतो त्या यादीत, टॅबचा क्रमांक 9, आणि आय हे इंग्रजीतलं नववं अक्षर. एंटर अडलं तर कंट्रोल-एम, तेरावं. तो अख्खा आठवडा मी असाच काढला, एकही काम अडलं नाही.

नवीन बागेचा फोल्डर 'एमकेडीआयआर'नं (mkdir, फोल्डर बनवायची आज्ञा) केलात, की लगेच 'सीडी', जागा, आणि ऑल्ट दाबून पूर्णविराम. आधीच्या आज्ञेतला शेवटचा शब्द आपोआप येतो. मला हे सगळ्यात लाडकं.

जुना लांब पत्ता हवा असेल तर कंट्रोल-आर दाबून त्यातला एखादा शब्द लिहा. चैत्रात गेलेल्या वाटेवर वैशाखातही असंच जाता येतं, तोवर शेलनं ठेवलेल्या जुन्या आज्ञांच्या यादीतून ती आज्ञा पुसली गेली नसेल तर.