स्टाफ तिकिटावर आई-बाबा, आणि काउंटरपलीकडची ती मुलगी

तक्रार करायची तर करा, पण काउंटरवरच्या त्या मुलीविरुद्ध नको. का ते जरा सविस्तर सांगते, कारण तुम्हाला नोकरीला लागून आठच महिने झालेत आणि आई-बाबांना पुन्हा एकदा पाठवायचं आहेच.

तुम्ही लिहिलंत ते थोडक्यात असं. तुम्ही एका एअरलाइनच्या इंजिनिअरिंग विभागात आहात. दुसऱ्या एअरलाइनचं झेड तिकीट, म्हणजे एअरलाइनच्या नोकरदारांना सवलतीत मिळणारं, जागा उरली तरच चालणारं स्टँडबाय तिकीट काढून आई-बाबांना मुंबईहून लंडनला बहिणीकडे पाठवत होतात. आदल्या दिवशी लोड, म्हणजे विमान किती भरलंय ते पाहिलं, तेव्हा ११ जागा मोकळ्या होत्या. दोघं चार तास आधी सहारला पोचले. काउंटरवरची मुलगी "थांबा" म्हणाली आणि पुढे तीन तास कोणी विचारलं नाही. शेवटी गणवेशातले दोघं आले, त्यांना बोर्डिंग पास मिळाले आणि आई-बाबांना सांगितलं, फ्लाइट क्लोज झाली. नंतर तुम्ही सीट मॅप पाहिलात तर सहा जागा रिकाम्या. आणि बाबा म्हणाले, "तुझ्या नावाला तिथे काही किंमत नाही का?" हे वाक्य तुम्हाला लागलंय, ते कळतं. मी २७ वर्षं काउंटरच्या पलीकडे काढली, आधी सांताक्रूझला, मग सहारला. स्वतः स्टाफ तिकिटावर फिरले तेही कमी नाही. दोन्ही बाजूंनी हे वाक्य ऐकलंय.

आधी त्या सहा जागा. सीट मॅपवर रिकामी दिसते ती जागा खरोखर रिकामी असेलच असं नाही. तिकीट पक्कं आहे पण खुर्ची निवडलेली नाही, असे प्रवासी त्या नकाशात दिसतच नाहीत. आणि समजा खरंच सहा खुर्च्या रिकाम्या गेल्या, तरी त्या देता येतीलच असं नसतं, कारण विमान खुर्च्यांवर भरत नाही, वजनावर भरतं. पश्चिमेकडे जाताना हिवाळ्यात समोरचा वारा जोरात असतो, इंधन जास्त लागतं, तेवढं वजन प्रवासी आणि सामानातून कमी करावं लागतं. २०२५च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानने आपल्या विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हापासून भारतीय एअरलाइन्सची युरोप-अमेरिकेची उड्डाणं वळसा घालून जायला लागली. त्याचा फटका दिल्लीला जास्त बसला, मुंबईला कमी, पण विमानात किती वजन घ्यायचं ते ठरवणारे लोड कंट्रोलवाले तेव्हापासून एकेक किलो मोजायला लागले. लेहला हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. धावपट्टी १० हजार फुटांहून उंच, हवा विरळ, ऊन चढलं की आणखी विरळ, म्हणून उड्डाणं सकाळीच उरकतात. तिथून निघणाऱ्या विमानात रांगाच्या रांगा मोकळ्या असताना स्टाफचे लोक खाली राहिलेले मी पाहिलेत. तुमचे आई-बाबा आणि २३ किलोच्या दोन बॅगा मिळून सव्वादोनशे किलोच्या आसपास होतात. लोड कंट्रोलने "एकही नको" म्हटलं की काउंटरवरची मुलगी काही करू शकत नाही.

आता गणवेशातले ते दोघं. ते बहुधा स्टँडबाय नव्हतेच. पुढची फ्लाइट चालवायला किंवा तिथल्या क्रूची जागा घ्यायला जाणारी माणसं पक्क्या जागेवर जातात. ती पोचली नाहीत तर दुसरीकडचं अख्खं विमान अडतं. २०१७च्या एप्रिलमध्ये शिकागोला युनायटेडच्या विमानातून एका डॉक्टर प्रवाशाला ओढत बाहेर काढलं, तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. ती जागा लुईव्हिलला जाणाऱ्या चार क्रूसाठी हवी होती. कुणाच्या फुकट सहलीसाठी ती नव्हती, पण बातम्यांमध्ये दोन्हीची सरमिसळ झाली. त्या प्रवाशाशी जे झालं ते भयंकर होतं, आणि त्यानंतर युनायटेडने नियम केला की अशा क्रूची जागा किमान तासभर आधी बुक करायची, आत बसलेल्याला उठवायचं नाही. पण क्रूचं तिकीट आणि तुमच्या बाबांचं तिकीट या दोन वेगळ्या जाती आहेत, हे घरच्यांना निघण्याआधी सांगायला हवं. बाबांच्या तिकिटावर स्टेटसच्या रकान्यात 'ओके'ऐवजी 'एसए' असतं. त्याचा अर्थच मुळी 'जागा उरली तर' असा आहे. त्यातही आधी त्या एअरलाइनचे स्वतःचे लोक, मग त्यांचे नातेवाईक, मग बाहेरच्या एअरलाइनचे, आणि बाहेरच्यांमध्ये नोकरदार आधी, आई-वडील मागे. तुमचं नाव तिथे कोणी वाचतच नाही. यादीतला क्रमांक वाचतात.

त्या मुलीकडे येते. मुंबईतल्या बऱ्याच परदेशी एअरलाइन्सच्या काउंटरवर उभी असणारी मुलं-मुली त्या एअरलाइनच्या नोकरीत नसतात. ती ग्राउंड हँडलिंग कंपनीची असतात. आज हा काउंटर, उद्या दुसरा. स्टँडबायची यादी त्यांना दिसते, पण ती हलवायचा अधिकार नसतो. तो एअरलाइनच्या ड्यूटी मॅनेजरकडे असतो, आणि तो त्या वेळी गेट, काउंटर आणि फोन यांच्यामध्ये धावत असतो. ती "थांबा" म्हणाली, कारण तेव्हा तिच्याकडे सांगण्यासारखं दुसरं काही नव्हतंच. काउंटर बंद व्हायच्या आधी खरा आकडा कुणालाच माहीत नसतो. ११ जागा असतात, मग एखादी फ्लाइट रद्द होते आणि तिथले आठ जण इकडे येतात. नागपूरहून किंवा कोचीहून येणारं जोडविमान उशिरा असतं, त्यातल्या सहा जणांसाठी जागा धरून ठेवतात. नो-शो, म्हणजे तिकीट असून न आलेले किती, ते शेवटच्या दहा मिनिटांत कळतं. त्या दहा मिनिटांत तिला पास छापायचे, बॅगांना टॅग लावायचे, व्हिसा तपासायचा, आणि ज्यांना जागा दिली ते लोक इमिग्रेशन आणि सिक्युरिटी पार करून वेळेत गेटपर्यंत पोचतील का याचा अंदाज घ्यायचा असतो. सहारला टी-टूमध्ये चालणंही काही कमी नाही. मॅनेजर तेव्हा तिला एकच प्रश्न विचारतो: "यांना घेतलं तर फ्लाइटला उशीर होईल का?"

आणि इथे बॅगांचा विषय येतो, ज्याबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंत, "सामान जरा जास्तच होतं." मला यावर थांबायचं आहे.

माणूस विमानात चढला नाही तर त्याची बॅग उतरवावीच लागते. मोठ्या विमानात बॅगा कंटेनरमध्ये जातात, एक बॅग शोधायला अख्खा कंटेनर खाली घ्यावा लागू शकतो. हा नियम इतका कडक का, हे आम्हाला ट्रेनिंगच्या पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. २२ जून १९८५ला व्हँकुव्हरच्या विमानतळावर एक प्रवासी काउंटरवर आला. टोरांटोपर्यंतची जागा पक्की, पुढे एअर इंडियाची वेटिंगवर. बॅग थेट दिल्लीपर्यंत टॅग करा म्हणून तो अडून बसला. काउंटरवरच्या बाईंनी आधी नकार दिला, पुढची जागा पक्की नाही तर बॅग पाठवता येत नाही म्हणाल्या. तो वाद घालत राहिला, मागे रांग वाढत गेली, आणि शेवटी त्यांनी टॅग लावला. तो माणूस विमानात चढलाच नाही, बॅग मात्र गेली. दुसऱ्या दिवशी एअर इंडियाचं 'कनिष्क' विमान त्या बॅगेतल्या बॉम्बने आयर्लंडजवळ समुद्रावर फुटलं, ३२९ माणसं गेली. वेटिंगवरचा प्रवासी, जड बॅग, काउंटरवरचा हट्ट आणि मागची रांग, हे सगळं एकत्र आलं की आजही जुन्या माणसांचा हात टॅग लावताना थांबतो. तुमच्या आई-बाबांवर कोणी संशय घेतला असं मी मुळीच म्हणत नाही. पण मोठी बॅग असलेला स्टँडबाय प्रवासी हा काउंटरवाल्यांसाठी सगळ्यात अवघड प्रवासी असतो, तो या कारणाने. दोन जागा उरल्या आणि घड्याळात पाच मिनिटं उरली, तर बॅग नसलेल्या माणसाला 'हो' म्हणणं सोपं असतं.

एक रात्र सांगते. मे महिना, गल्फची फ्लाइट, स्टँडबायवर तीन नावं आणि जागा दोन. यादीत वर एका कॅप्टनचे आई-वडील, खाली आमच्याच लोडर मुलाचे वडील. ते गृहस्थ संध्याकाळपासून काउंटरसमोरच्या खांबाशी बसून होते, हातात प्लास्टिकची फाइल, पायाशी एक लहान बॅग. आकडा आला तेव्हा मी वरची दोन नावं पुकारली. कोणी आलं नाही. पुन्हा पुकारली. एका मुलाला चहाच्या स्टॉलपर्यंत पळवलं. तिसऱ्यांदा पुकारून मॅनेजरकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली, आणि मी लोडरच्या वडिलांचा पास काढला. एक जागा रिकामीच गेली. ते जोडपं सात मिनिटांनी आलं. त्या बाई रडल्या. मी काय करणार होते? चार तास थांबून माणूस कंटाळतो, चहाला जातो, यात त्यांची काय चूक? पण फ्लाइट क्लोज झाली की सिस्टिम पुन्हा उघडत नाही. म्हणून मी प्रत्येकाला सांगते की शेवटच्या दीड तासात जागेवरून हलायचं नाही. काउंटरला चिकटून उभंही राहू नका, तिला मान वर केली की दिसाल इतक्या अंतरावर बसा. दोघांपैकी एकाला बाथरूमला जायचं तर दुसऱ्याने बसून राहायचं.

पोचल्या पोचल्या एकदाच काउंटरवर जाऊन सांगायचं: "स्टँडबायवर दोघं आहोत, ही तिकिटं, हे पासपोर्ट, व्हिसा आहे, जागा एकच उरली तर आम्ही वेगवेगळेही जाऊ." किंवा "नाही जाणार." हे शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे आणि ते आधी घरी ठरवायचं. यादीत दोघं एकत्र असले आणि जागा एकच असली तर तिथे उभं राहून चर्चा करायला वेळ नसतो. "माझा मुलगा अमुक एअरलाइनमध्ये आहे" हे सांगायची गरज नाही, तिकिटावर ते लिहिलेलंच असतं. कपडे नीट असावेत. बाबांना कोटाची गरज नाही, साधी पँट-शर्ट आणि बूट पुरे. २०१७च्याच मार्चमध्ये डेन्व्हरला लेगिंग्ज घातल्या म्हणून स्टाफ पासवरच्या दोन मुलींना चढू दिलं नव्हतं. मला तो नियम पटला नाही, पण पास ज्याचा, नियम त्याचा.

परतीचं तिकीट स्टँडबायचं असलं तरी त्याची छापील प्रत जवळ ठेवा, लंडनला विचारू शकतात. तिकिटाची प्रत इथे गेटवर सीआयएसएफच्या जवानालाही दाखवावी लागते. जागा मिळाली नाही तर टर्मिनलमधून बाहेर यायलाही आपल्याकडे एअरलाइनचा माणूस लागतो, नोंद होते. हे माहीत नसलं की वयस्क माणसं रात्री दोनला दारापाशी अडकून राहतात. आणि दुसऱ्या दिवशीसाठी लिस्टिंग, म्हणजे स्टँडबायच्या यादीत नावाची नोंद, पुन्हा करा. काही एअरलाइन्समध्ये नाव आपोआप पुढच्या फ्लाइटवर जातं, पण त्यावर विसंबू नका.

आता तक्रार. दोन गोष्टींबद्दल ती रास्त आहे. तीन तासांत सत्तरीच्या दोन माणसांना कोणी बसायला सांगितलं नाही, आणि फ्लाइट क्लोज होताना समोर येऊन समजावलं नाही. हे चुकलंच. माझ्या शिफ्टला असं झालं असतं तर मी स्वतः जाऊन माफी मागितली असती. जागा देता आली नाही तरी "आज नाही जमलं, उद्या सकाळच्याला जास्त मोकळं आहे" एवढं सांगायला अर्धं मिनिट लागतं. हे तुमच्या स्टाफ ट्रॅव्हल विभागाला लिहा, फ्लाइट नंबर आणि वेळ घालून. ते समोरच्या एअरलाइनशी बोलतात. थेट त्यांच्या कस्टमर केअरला किंवा सोशल मीडियावर लिहू नका, त्यातून तुमची स्वतःची तिकीट सवलत बंद होऊ शकते. नुकसानभरपाईचा विचारही सोडा. युरोपच्या २००४च्या नियमातसुद्धा सर्वांना न मिळणाऱ्या सवलतीच्या तिकिटाला ती लागू नाही.

पुढच्या वेळी ऑगस्टअखेर ते सप्टेंबर टाळा, विद्यार्थ्यांनी लंडनची विमानं भरलेली असतात. डिसेंबर आणि मे तर नकोच. दिवाळी उरकल्यावरचा नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी बघा, मंगळवार-बुधवार. दिवसात त्या मार्गावर जितक्या जास्त फ्लाइट्स, तितकं बरं. पहिल्या फ्लाइटला लिस्ट करा, म्हणजे हुकली तर दुसरी असते. लोड आदल्या दिवशी पाहिलात, तसा निघायच्या तीन तास आधीही पाहा. पक्क्या तिकिटाचे पैसे बाजूला ठेवूनच त्यांना पाठवा, विशेषतः परतीसाठी. मोठ्या बॅगा घरी ठेवा. दोघांना मिळून दोन हातबॅगा पुरतात. मुलीसाठी नेलेला चिवडा त्यात सहज बसतो. लोणच्याची बरणी हातसामानात चालत नाही, ती कुरियरने पाठवा.