चौदा जणांची मनाली आणि पंचवीस वर्षांचा करार

पुण्याच्या एका वाचकाचं पत्र आहे. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात १४ जणांना मनालीला जायचंय: त्यांचं चौघांचं कुटुंब, मेहुण्याचं आणि चुलतभावाचं प्रत्येकी तिघांचं, शिवाय आई-बाबा आणि सासू-सासरे. म्हणजे १० मोठे, ४ मुलं. एजंट चंदीगड ते चंदीगड, ५ रात्रींचं पॅकेज ३,०५,००० रुपयांना देतोय. ते विचारतात, "मागच्या महिन्यात मी एका हॉलिडे क्लबचं २५ वर्षांचं सदस्यत्व घेतलं आहे, त्यामुळे राहण्याचा खर्च नाहीच. तसं मी सगळ्यांना सांगितलंही आहे. मग पॅकेज घ्यावं की स्वतः आखावं? सगळा खर्च माझ्या क्रेडिट कार्डावर ६ महिन्यांच्या नो कॉस्ट ईएमआयवर टाकून, परत आल्यावर प्रत्येकाकडून वाटा घेतला तर चालेल का?"

सदस्यत्वाची किंमत ४,८०,०००. त्यातले ७२,००० आई-बाबांच्या आजारपणासाठी ठेवलेली एफडी मोडून भरले. उरलेल्या रकमेचं कर्ज १५ टक्क्यांनी, ४८ महिने, हप्ता ११,३५०. वार्षिक शुल्क १८,००० अधिक जीएसटी. दोघांचं मिळून हातात येतं १,१५,०००, घरकर्जाचा हप्ता ३४,०००, घरखर्च ५८,०००. खात्यात शिल्लक ५०,०००.

तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, ते छोटं आहे. पॅकेज ३,०५,००० चं दिसतं, पण खाली बारीक अक्षरात "अधिक जीएसटी" आहे. ५ टक्के धरा, १५,०००. नाश्ता आणि रात्रीचं जेवण त्यात आहे, दुपारचं नाही. १४ जणांचं ६ दिवसांचं दुपारचं जेवण साधारण २५,०००. रोहतांग खिंडीचा परवाना, सोलंग खोऱ्यातला खर्च, बर्फातल्या कपड्यांचं भाडं वगैरे २०,०००. एकूण ३,६५,०००.

स्वतः केलंत तर ५ खोल्या, ५ रात्री, म्हणजे २५ खोली-रात्री. ४,५०० ची खोली ५ टक्के जीएसटी धरून ४,७२५ ला पडते: १,१८,०००. तुम्हाला सांगितलेला टेम्पो ट्रॅव्हलरचा ६ दिवसांचा दर ७२,०००. नाश्ता हॉटेलचा धरून बाकीचं जेवणखाण ५९,०००, इतर २०,०००. एकूण २,७०,००० च्या आत. फरक ९५,००० चा आहे, म्हणून स्वतः करा.

गाडी १४ सीटची नको, १७ सीटची घ्या. १४ जणांच्या बॅगा मागे मावत नाहीत आणि मग त्या आजी-आजोबांच्या पायाशी येतात. चंदीगड-मनाली साधारण ३०० किलोमीटर, ८ तासांचा प्रवास आहे. ती गाडी सोलंग आणि सिस्सू गावापर्यंत नेणार का, हे मालकाकडून लिहून घ्या. नाहीतर तिथे गेल्यावर स्थानिक टॅक्सीचे पैसे वेगळे द्यावे लागतात. रोहतांग मंगळवारी बंद असतो आणि रोजच्या गाड्यांची संख्या ठरलेली असल्यामुळे परवाना ऑनलाइन आधीच काढावा लागतो. तो मिळाला नाही तर अडून बसू नका. २०२० मध्ये सुरू झालेल्या ९ किलोमीटरच्या अटल बोगद्यातून सिस्सूला जायला रोहतांगचा परवाना लागत नाही.

आता तुम्ही न विचारलेलं. वरच्या हिशेबात मी राहण्याचे १,१८,००० का धरले? कारण राहणं फुकट नाहीच. करारातली ओळ तुम्हीच उतरवून पाठवली आहे: वर्षाला ७ रात्री, १ खोली, २ मोठे आणि २ मुलं, हंगामाची श्रेणी वरून दुसरी. तुम्हाला २५ खोली-रात्री लागणार आहेत. सदस्यत्वातून जास्तीत जास्त ५ निघतील, तेही चौघांसाठी. आणि गर्दीचा मे महिना सगळ्यात वरच्या श्रेणीत असतो, तुमच्या नाही; म्हणजे त्या ५ रात्रीही मिळणार नाहीत. खात्री करायची तर आज रात्रीच क्लबच्या वेबसाइटवर मेचा तिसरा आठवडा, मनाली, एक खोली शोधून बघा. जे दिसेल त्याचा तारखेसह स्क्रीनशॉट ठेवा. तो पुढे पुरावा म्हणून लागेल.

या सदस्यत्वाची खरी किंमत मोजू. ११,३५० गुणिले ४८ म्हणजे ५,४५,०००, अधिक ७२,०००. एकूण ६,१७,०००. २५ वर्षांत वाटले तर वर्षाला २४,७००. जीएसटीसह वार्षिक शुल्क २१,०००. म्हणजे ७ रात्रींचे जवळपास ४६,०००, एका रात्रीचे ६,५००. हा हिशेबही सौम्य आहे. हेच ६,१७,००० सात टक्क्यांच्या एफडीत असते तर वर्षाला ४३,००० व्याज आलं असतं आणि मुद्दल तुमचंच राहिलं असतं. ४३,००० अधिक २१,००० म्हणजे ६४,०००. भागिले ७, रात्रीला ९,१००. ज्या गावात भर मेमध्ये तुम्हाला खोली ४,७२५ ला मिळतेय, तिथल्या राहण्यासाठी तुम्ही त्याच्या जवळपास दुप्पट भाव, तोही आगाऊ आणि कर्ज काढून देताय. त्यात जेवण धरलेलं नाही.

विकणाऱ्याने तुम्हाला सांगितलं की खोल्यांचे भाव वाढत जातील, तुमचा भाव मात्र आजचाच राहील. वार्षिक शुल्क गोठवलेलं नाही, हे त्याने सांगितलं नाही. ते वर्षाला ६ टक्क्यांनी वाढलं तर १२ वर्षांत दुप्पट होतं, २४ वर्षांत चौपट: २१,००० चे ८४,०००. एखाद्या वर्षी मुलांची दहावी-बारावी असेल, घरात आजारपण असेल, तुम्ही कुठेही गेला नाहीत, तरी ते भरावंच लागतं. "नको असेल तेव्हा जास्त भावाने विकता येईल" हे वाक्य करारात कुठे आहे ते शोधा. सापडणार नाही. जुनी सदस्यत्वं विकत घ्यायला कोणी उभं नसतं, कारण नवीन गिऱ्हाइकाला क्लब स्वतःच सवलतीत विकत असतो. भेटकूपन आणि जेवणाच्या निमित्ताने नवरा-बायकोला बोलवायचं, तीन तास बसवून ठेवायचं, "आजच सही केली तरच ही किंमत" म्हणायचं, या पद्धतीची मला मनापासून चीड आहे. घरी नेऊन कागद वाचायला वेळ दिला तर हा सौदा टिकत नाही, हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

तुमच्या बाजूने एक गोष्ट आहे, आणि तिच्यासाठी घाई करा. करारात माघारीसाठी १० दिवसांची मुदत आहे असं तुम्ही लिहिता. सहीला १९ दिवस झाले, पण कराराची प्रत कुरिअरने मिळाली ती मागच्या बुधवारी. मुदत सहीपासून मोजायची की प्रत मिळाल्यापासून, ते कलम शब्दन्‌शब्द वाचा. प्रत मिळाल्यापासून असेल तर तुम्ही अजून मुदतीत आहात. कलम मोघम असेल तरी पत्र आजच पाठवा: ईमेलने, आणि त्याचीच प्रत पोच घेऊन स्पीड पोस्टाने. मजकूर चार ओळींचा पुरे. करार क्रमांक, सहीची तारीख, प्रत मिळाल्याची तारीख, "सदस्यत्व रद्द करत आहे, पूर्ण रक्कम परत करावी". कारणांची लांबण लावू नका. फोनवर ते मुदत वाढवून द्यायला, श्रेणी वाढवून द्यायला, एखादी फुकट ट्रिप द्यायला तयार होतील. फोनवर काहीही कबूल करू नका. "लेखी कळवा" एवढंच उत्तर द्या. कुरिअरचं पाकीट, त्यावरची तारीख आणि विक्रेत्याने हाताने आकडे लिहून दिलेला कागद जपून ठेवा.

मुदत संपली असं त्यांनी उत्तर दिलं तर रद्द करताना किती कापतात ते लेखी विचारा. समजा सगळेच्या सगळे ७२,००० गेले आणि कर्ज बंद झालं. तरी पुढचे ५,४५,००० आणि २५ वर्षांचं शुल्क वाचतं. भरलेल्या ७२,००० साठी पुढे जवळपास साडेपाच लाख भरत राहणं हा त्यावरचा उपाय नव्हे. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे पुण्यातच तक्रार करता येते, त्यासाठी दोन वर्षं असतात, आणि दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही.

एक चूक मात्र करू नका: रागाच्या भरात हप्ता थांबवू नका. कर्ज क्लबने दिलंय की वेगळ्या वित्त कंपनीने, हे कागदावर बघा. वेगळी कंपनी असेल तर तो स्वतंत्र करार आहे. सदस्यत्व रद्द झालं तरी कर्ज आपोआप मिटत नाही. रद्दीकरणाचं पत्र त्या कंपनीलाही पाठवा, परताव्याची रक्कम कर्जखात्यात वळती करायला सांगा आणि थकबाकी नसल्याचा दाखला मिळेपर्यंत खात्यात हप्त्याइतके पैसे ठेवा. खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता पैशांअभावी परत गेला तर सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, बिघडतं, आणि २००७ च्या पेमेंट कायद्याच्या कलम २५ खाली खटलाही होऊ शकतो. वित्त कंपनीने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

आता कार्डाचं. ३,०५,००० सहा महिन्यांत म्हणजे महिन्याला ५०,८००. तुमच्याकडे घरखर्च आणि घरकर्ज वजा जाता २३,००० उरतात, क्लबचा हप्ता गेल्यावर ११,६५०. म्हणजे पहिल्याच महिन्यापासून तुम्ही मेहुण्याच्या आणि चुलतभावाच्या पैशांची वाट बघणार. एकाने उशीर केला की थकलेल्या रकमेला महिन्याला साडेतीन टक्के, वर्षाला ४२ टक्के व्याज. शिवाय नो कॉस्टमध्ये व्याज किमतीतल्या सवलतीतून वळतं केलेलं असतं, त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क तुम्हीच भरता. कार्ड नको. मोठ्याचा पूर्ण वाटा, मुलाचा अर्धा. एकूण १२ वाटे, प्रत्येकी २२,५००. निम्मी रक्कम सगळ्यांकडून आधी, त्यानंतरच खोल्या. माघार घेणाऱ्याला हॉटेल जेवढं परत देईल तेवढंच परत मिळेल, हे ग्रुपवर आत्ताच लिहा.

तुमचे चौघे आणि आई-बाबा मिळून ५ वाटे: १,१२,५००. पुणे-चंदीगड विमानाचं मेमधलं जाणं-येणं तुमच्याच आकड्याप्रमाणे १४,०००. सहा जणांचे ८४,०००. जवळपास दोन लाख, आणि हाताशी ५०,०००. ही सहल मेमध्ये तुम्हाला परवडत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत न्या. मधल्या काळात जुलै-ऑगस्टच्या स्वस्त खोल्यांकडे वळू नका. २०२३ च्या जुलैत बियासच्या पुराने कुल्लू-मनाली रस्ता वाहून नेला होता, आणि त्या महिन्यांत दरडींमुळे तासन्‌तास अडकायला होतं. दिवाळीचा मधला आठवडा महाग असतो, तो टाळून पुढचा घ्या. थंडी बोचरी असते, तेव्हा हीटरचे पैसे खोलीच्या दरात आहेत का ते विचारा, सत्तरीच्या चौघांसाठी तो लागेलच. जाताना दिल्लीपर्यंत रेल्वे घेतलीत तर खर्च आणखी उतरेल. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, एका तिकिटावर सहाच नावं बसतात, म्हणजे तीन तिकिटं एकाच वेळी तीन मोबाइलवरून काढायची. विमान शोधताना १४ जण एकदम टाकू नका. स्वस्त जागा चारच उरल्या असतील तर सगळ्यांना महाग दर दिसतो. चार-चार करून शोधा.

सदस्यत्व रद्द झालं तर महिन्याला २३,००० प्रमाणे सात महिन्यांत १,६१,००० जमतात. नाही झालं तर ८१,५००. त्यातले पहिले ७२,००० आई-बाबांच्या एफडीत परत जायला हवेत, सहलीत नाही. पहिल्या स्थितीत ८९,००० उरतात आणि हाताशी असलेले ५०,००० धरून, थोडी काटछाट करून, येता-जाता रेल्वे घेऊन सहल बसते. दुसऱ्या स्थितीत ९,५०० उरतात. तेव्हा यंदा चौदा जणांनी महाबळेश्वरला दोन रात्री जावं.

आणि राहणं फुकट नाही, हे मेहुण्यांना आणि चुलतभावाला या रविवारच्या आत सांगा. त्यांनीही आपलं बजेट तुमच्या शब्दावर आखलेलं असेल.